‘कल’ कोणाचा? : जनसुरक्षा विधेयकाचे एक वाचन

१० जुलै २०२५ रोजी विधानसभेने संमत केलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाची चर्चा प्रामुख्याने राजकीय अंगाने झाली. वस्तुतः तो अर्थनिर्णयनाचाही प्रश्न आहे. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत उच्चारलेला वा लिहिलेला शब्द, खूण आणि दृश्य प्रतिरूपण यांचा अंतर्भाव आहे. शिवाय सुव्यवस्थेत प्रत्यक्ष अडथळा आणणेच नव्हे, तसा कल असणेही पुरेसे ठरते. कृतीला पुरावा असतो. कल हा मात्र वाचकाने संहितेवर केलेला आरोप असतो. येथे हा वाचक स्वतः शासन आहे. संयुक्त समितीनंतर विधेयकाचा रोख कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांवर आला खरा. परंतु हे साम्य कोणत्या निकषावर ठरवायचे, हा प्रश्न उरतोच.

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) कर्झनचे नाव नाही. प्रेक्षकांनी रूपक उलगडले, शासनानेही तोच अर्थ ग्राह्य धरला आणि १९१० मध्ये बंदी घातली. शासनाचे वाचन चुकीचे नव्हते. मात्र शिक्षा झाली ती कृतीला नव्हे, संभाव्य अर्थाला.

घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहिणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांच्या वगांत उपहास आणि आवाहन वेगळे काढता येत नाहीत. सत्तेची टवाळी हा तमाशाचा प्रकृतिधर्मच आहे. अशा संहितेचा कल ठरविण्याचा अंतिम अधिकार शासनाकडे गेला, तर अनेकार्थता हाच अपराध ठरेल. हिंसेसाठी फौजदारी कायदे आहेतच. म्हणून या व्याख्येला विरोध करणे हे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे काम नव्हे.