शेवटच्या तासाचे विषय

एखाद्या कादंबरीच्या हजार प्रती खपल्या, की तिच्या गुणदोषांची चर्चा मासिकांतून रंगू लागते. लक्षावधी मुलांच्या हाती जाणारे पाठ्यपुस्तक मात्र टीकाकाराच्या नजरेस न पडताच वर्षाअखेरीस रद्दीत जाते. पाठ्यपुस्तक हेही एक पुस्तकच आहे आणि त्याचेही परीक्षण व्हावे, ही कल्पना आपल्याकडे अद्याप रुळलेली नाही. म्हणून १९६७ साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’ने प्राथमिक वर्गांसाठी काढलेल्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकाकडे, विशेषतः त्याच्या पाचव्या इयत्तेच्या भागाकडे, वाचकांचे लक्ष वेधावे असे वाटते.

आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला हे तीन विषय या पुस्तकात एका बांधणीत आणले आहेत. कलेच्या पोटात चित्र, शिल्प, गायन, वादन, नृत्य व नाट्य अशी सहा दालने आहेत. पुस्तकाचे नाव चांगले आहे, आणि त्या नावाचे व्याकरण तर फारच चांगले आहे. तिन्ही क्रियापदे प्रथमपुरुषी अनेकवचनी आहेत. ‘तू खेळ’ अशी त्यात आज्ञा नाही. आपण सारे मिळून खेळू, असा त्यात भाव आहे. आता प्रश्न एवढाच, की या क्रियापदांचा कर्ता कोण? मुलाबरोबर खेळणारा, गाणारा, माती मळणारा तो दुसरा कोण?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडत नाही. ते कायद्यात शोधावे लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी, पटावर ६० पर्यंत मुले असल्यास, दोन शिक्षक सांगितले आहेत. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन शिक्षकांची तरतूद त्याच परिशिष्टात आहे. परंतु ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभरांवर असेल तेथे. म्हणजे ज्या वयात मूल सांगितल्यावाचून गाते आणि कागद दिसला की रेघोट्या ओढते, त्या वयात त्यास त्या विषयांचा जाणता शिक्षक मिळण्याची हमी कायदा देत नाही. दोन शिक्षक, पाच इयत्ता; भाषा, गणित, परिसर-अभ्यास आणि २००० सालापासून पहिलीपासूनच आलेले इंग्रजी; आणि त्यावर हे तीन विषय व सहा कला. असे असता हे विषय दिवसाच्या शेवटच्या तासाला ढकलले गेले, आणि परीक्षा जवळ येताच तो तासही गणिताने गिळला, तर दोष शिक्षकाला देणे हा अन्याय होईल.

हे पुस्तक वाचताना आम्ही एक गाव डोळ्यांपुढे धरले होते : जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई. तेथील शाळेची तपासणी करणे हा येथे हेतू नाही. एकच पुस्तक सबंध महाराष्ट्राला पुरवले जाते, तेव्हा ते एका विशिष्ट गावात नेऊन वाचल्यावाचून त्याची खरी पारख होत नाही, एवढ्यासाठीच हा खटाटोप. पिंपळगाव रेणुकाईचे नाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी दूरवर माहीत आहे. हंगामात अशा मुलखातले सारे घरच मिरचीच्या मागे असते. तोडणी, निवडणी, पोती भरणे, भावाची वाट पाहणे, या गोष्टी मुलांना कोणी शिकवाव्या लागत नाहीत.

अशा मुलाच्या हाती ‘कार्यानुभव’ हा शब्द ठेवला, की त्यातील विसंगती ध्यानात येते. शहरातल्या मुलाच्या हाताला मातीचा स्पर्श व्हावा, हे योग्यच आहे. परंतु ज्याच्या बोटांना मिरचीची आग ठाऊक आहे, त्यास कार्याचा आणखी अनुभव देऊन काय साधणार? त्याचा हात शिकलेला आहे. त्याला हवा आहे तो त्या हाताला विचाराची, सन्मानाची आणि निवडीची जोड देणारा विषय. मिरचीच्या रोपाचे निरखून चित्र काढणे, तोडणीच्या दिवसांचा हिशोब मांडणे, बाजारातल्या बोलीचे नाट्य रचणे : असे झाले तर तेच काम शिक्षण होते. नाही तर शाळेत केलेले काम हे घरच्या कामाची फिकी नक्कल होऊन बसते. सगळ्यांसाठी एकच असलेल्या पुस्तकाची मर्यादा येथे उघडी पडते. मूल कोठून आले आहे, हे त्यास विचारता येत नाही.

ही अडचण नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना मांडली, तेव्हा उद्योग हे साधन आणि मुलाची वाढ हे साध्य, असा तिचा आशय होता. परंतु साधन-साध्याची ही जागा केव्हा उलटेल याचा नेम नसतो. मद्रास राज्यात १९५३ साली राजाजींनी शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. हे जातीचे शिक्षण होय, असा तिच्यावर गहजब झाला आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. गावच्या शाळेत विशेष विषय आणू पाहणाऱ्याने हा इतिहास विसरू नये. कुंभाराच्या मुलाला चाकावर आणि गुरवाच्या मुलाला वाद्यावर बसवणे ही शिक्षणाची समृद्धी नव्हे. मिरचीवाल्याच्या मुलीने संबळ वाजवून पाहावा आणि शिक्षकाच्या मुलाने माती तुडवावी, तर तिला समृद्धी म्हणता येईल.

मग शिकवणारा आणावा कोठून? याचे एक रम्य उत्तर ‘तोत्तोचान’मध्ये आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ चे हे जपानी पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे मराठी घरांतही प्रिय झाले आहे. तोमोए शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी एके दिवशी जवळच्या शेतकऱ्याला मुलांपुढे उभे करतात आणि आजचे शिक्षक म्हणून त्याची ओळख करून देतात. तो बिचारा संकोचतो; पण शेतीचे शिक्षक तुम्हीच, यावर कोबायाशी ठाम राहतात. प्रसंग सुंदर आहे. परंतु आपल्याकडे तो सांगताना त्यातील अर्धाच भाग घेतला जातो. शेतकरी त्या दिवसापुरता शिक्षक झाला खरा. पण कोबायाशी स्वतः संगीताचे जाणकार होते, ताल आणि शरीर यांची सांगड घालणारी दालक्रोझ यांची पद्धती ते युरोपात जाऊन शिकून आले होते, आणि ती मुलांना रोज मिळत होती. पाहुण्याच्या पाठीशी शाळेत कायमचा एक जाणता माणूस होता. तो नसेल तर पाहुणा येतो, टाळ्या पडतात आणि तो निघून जातो.

आपल्याकडच्या प्रयोगांतूनही हेच दिसते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे ते कोसबाडला गेले, आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर सांभाळले. माँटेसरीची महागडी साधने बाजूस ठेवून शिंपले, बिया, पाने, दगड हीच साधने त्यांनी केली. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटील यांनी १९८५ पासून परिसरालाच पाठ्यपुस्तक मानले. साधने स्वस्त असू शकतात, परिसर फुकट असतो. परंतु त्यांचे शिक्षणात रूपांतर करणारी व्यक्ती मात्र स्वस्त वा फुकट मिळत नाही. ‘खेळू, करू, शिकू’च्या प्रत्येक पानाला ती व्यक्ती गृहीत धरावी लागते, आणि पुस्तकाचा खरा उणेपणा येथेच आहे.

कोणी म्हणेल, पाचवीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक धड वाचता येत नाही, असे पाहण्यांतून वारंवार दिसते. तेव्हा आधी वाचन, मग वादन. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वाईट शिकवलेल्या चित्रकलेपेक्षा चांगले शिकवलेले वाचन केव्हाही बरे. तथापि नाटुकल्यातील आपले वाक्य पाठ करण्यासाठी मूल जितक्या ओढीने वाचते, तितक्या ओढीने ते धडा वाचत नाही, हा अनुभव कोणत्याही शिक्षकास विचारावा. दुसरी गोष्ट अशी, की शहरातील सुखवस्तू घर गाण्याची व चित्राची शिकवणी विकत घेते. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ती असेल. गावातल्या मुलाला शाळेखेरीज दुसरे दार नाही. जो विषय आपण आपल्या मुलांसाठी पैसे मोजून आणतो, तोच दुसऱ्याच्या मुलांसाठी अवांतर कसा ठरतो?

२०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला, शारीरिक शिक्षण व व्यवसायशिक्षण यांना स्वतंत्र विषयांचे स्थान दिले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. हेतू स्तुत्य आहे. मात्र उरलेल्या पाच दिवसांविषयी या नावातून जी कबुली मिळते, ती विचार करण्याजोगी आहे. आमची सूचना साधी आहे. महाराष्ट्रात शाळांची केंद्रे आहेतच. दर केंद्रास एक चित्राचा आणि एक संगीताचा शिक्षक नेमावा आणि त्याने आठवड्यात केंद्रातील शाळा फिराव्यात. पाठ्यपुस्तकात गावासाठी काही पाने कोरी ठेवावीत आणि ती त्याने मुलांकडून भरून घ्यावीत.

पिंपळगाव रेणुकाईच्या मुलांपाशी त्या पानांवर काढण्यासारखे थोडे नाही. त्यांच्या तालुक्याचे भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. केळणेच्या काठी १९७३ च्या सुमारास झालेल्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि दूर इटलीत पाँपेईच्या राखेतून निघालेल्या तशाच मूर्तीशी अभ्यासकांनी तिची तुलना केली. त्या मूर्तीचे चित्र किती मुलांनी पाहिले असेल? ते पाहून मातीत तशी आकृती करून बघण्यासाठी आठवड्याचा एक तास आणि एक जाणता माणूस एवढेच लागते. तो माणूस शाळेत आला, तर पुस्तकाच्या नावातील त्या अनेकवचनाला खरा अर्थ येईल.