इंग्रजी वाक्याची दुरुस्ती आणि खानदेशी विद्यार्थी

1907 साली दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांचा ‘इंडियन इंग्लिश’. मुंबई इलाख्यात सनदी सेवा केलेल्या या गृहस्थांनी सुशिक्षित भारतीयांच्या इंग्रजी लेखनातील वाक्प्रचारविषयक चुकांची त्यात छाननी केली आहे. दुसरा ग्रंथ म्हणजे ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग. त्यात भिल्ली भाषांच्या जोडीने खानदेशीचे, म्हणजे मुख्यतः अहिराणीचे, वर्णन आलेले आहे. ग्रियर्सन यांनी खानदेशीला मराठीपासून काढून भिल्लीच्या पंक्तीस बसविले ते योग्य की अयोग्य, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की एका ग्रंथाने प्रमाण भाषेहून वेगळ्या रूपांना चुका मानून त्यांची झडती घेतली आणि दुसऱ्याने तशाच वेगळ्या रूपांची व्यवस्था शोधून त्यांचे कोष्टक मांडले. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील इंग्रजीचे अध्यापन पुढे पहिल्या ग्रंथाच्या वाटेने गेले. दुसऱ्या ग्रंथाचा त्या अध्यापनाशी काही संबंध असू शकेल, ही कल्पनाच फारशी कोणाच्या मनात आली नाही.

वाक्यदुरुस्तीचा प्रश्न आजही सर्वत्र एकाच साच्याचा असतो. एक सुटे वाक्य दिले जाते, त्यात एक चूक पेरलेली असते, ती हुडकून काढावयाची. स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठी जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत बसणारे विद्यार्थी अशी शेकडो वाक्ये सोडवितात. या सरावाचा काहीच उपयोग नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्यात ज्या चुकीचा शोध घेतला जातो ती परक्याने बुद्ध्याच केलेली असते, आणि ती तेथे आहे हे शोधणाऱ्याला आधीच ठाऊक असते. स्वतःच्या लेखनातील चूक अशी हाक मारून पुढे येत नाही. लिहिणाऱ्याला ती चूक वाटतच नसते. त्याच्या अंगी बाणलेल्या कोणत्या तरी नियमाला धरूनच ती झालेली असते. एस्. पिट कॉर्डर यांनी 1967 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अनवधानाची चूक आणि नियमानुसार झालेली चूक यांत जो भेद केला तो याच कारणासाठी. पहिली चूक लिहिणारा पुन्हा वाचताना स्वतःच सुधारतो. दुसरी त्याने दहा वेळा वाचली तरी तशीच राहते.

तेव्हा खरा प्रश्न तो नियम कोणता हा आहे. काही ठिकाणी उत्तर सोपे असते. ‘आय ॲम लिव्हिंग इन जळगाव सिन्स फाइव्ह इयर्स’ या वाक्यामागे ‘पाच वर्षांपासून राहत आहे’ ही मराठी रचना स्पष्ट दिसते. मराठीचा ‘पासून’ आरंभबिंदूलाही चालतो आणि कालावधीलाही. ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच दिवसांपासून’ यांत मराठी माणसाला काही भेद करावा लागत नाही. इंग्रजीला तो करावा लागतो. शिक्षकाने ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ लिहिल्याने हा भेद समजत नाही; मराठीतच ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘गेली पाच वर्षे’ ही दोन रूपे शेजारी ठेवली तर समजतो. ‘दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ याचेही तसेच. ‘जरी’ आला की ‘तरी’ आल्याशिवाय मराठी कानाला वाक्य लंगडे वाटते. म्हणून विद्यार्थी ‘दो’ला ‘बट’ची जोड देऊन वाक्य आपल्या परीने पुरे करतो. येथे त्याचे व्याकरणज्ञान कमी पडलेले नाही. ते फक्त दुसऱ्या भाषेचे आहे. या दृष्टीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला आज नावे ठेवणाऱ्यांनी थोडे थांबून विचार करावा. तिच्यात दोष पुष्कळ असतील. पण तिने शिकणाऱ्याची भाषा वर्गाबाहेर ठेवली नाही. रेन आणि मार्टिन यांच्या 1930 नंतरच्या दशकातील सर्वपरिचित व्याकरणाने भारतीय विद्यार्थ्यांसाठी असूनही ती बाहेर ठेवली.

मात्र एवढ्यावरून प्रत्येक चुकीच्या समासात ‘मराठीचा परिणाम’ असे लिहून मोकळे होण्याची जी सवय पडली आहे, ती तितकीच सदोष होय. ‘ही डिड नॉट वेंट’ या वाक्यात मराठीचा काय परिणाम? ‘तो गेला नाही’ यात भूतकाळ एकदाच दाखविला जातो, इंग्रजीतही एकदाच. विद्यार्थ्याने तो दोनदा दाखविला तो इंग्रजीच्याच नियमाला अधिक इमानदारीने चिकटून. ‘टेल मी व्हेअर आर यू गोइंग’ हे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मराठीत ‘तू कुठे जात आहेस?’ आणि ‘तू कुठे जात आहेस ते सांग’ या दोहोंत शब्दक्रम एकच राहतो. प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी आणणे हे इंग्रजीचे वैशिष्ट्य. ते कष्टाने शिकलेला विद्यार्थी नको तेथेही ते वापरतो. म्हणजे ही चूक इंग्रजी न आल्याने होत नसून ती येऊ लागल्याने होते. जॅक रिचर्ड्स यांनी 1971 मध्ये दाखवून दिले, की अशा चुका अगदी भिन्न मातृभाषांच्या विद्यार्थ्यांत सारख्याच आढळतात. अशा चुकीला मराठीचा दोष म्हणून गुण कापणे म्हणजे प्रगतीलाच दंड करणे.

यापुढची अडचण खास खानदेशची आहे. ‘मातृभाषेचा परिणाम’ म्हणताना मातृभाषा कोणती? रॉबर्ट लाडो यांच्या 1957 च्या ग्रंथापासून दोन भाषांची कोष्टके समोरासमोर मांडून अडचणींचे भाकीत करण्याची प्रथा पडली. मराठीच्या बाजूचा रकाना अर्थातच दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त वर्णिलेल्या भाषेचा असतो. त्या रकान्यात ‘मी जातो, तू जातोस, तो जातो, ती जाते’ अशी रूपे आहेत; यावरून, पुरुषानुसार क्रियापद बदलणे मराठी विद्यार्थ्याला नवे नाही, असा निष्कर्ष निघतो. परंतु धुळे-अमळनेरकडील अहिराणीत ‘मी जास, तू जास, तो जास, ती जास’ असे एकवचनात एकच रूप चालते आणि अनेकवचनात ‘जातस’ येते. प्रदेशागणिक थोडाफार फरक पडतो. तथापि पुरुष आणि लिंग यांचा भेद येथे क्रियापदावर उमटत नाही, हे उघड आहे. ज्याच्या घरी ही भाषा आहे त्याला वरील भाकीत लागू पडत नाही. यावल-रावेरकडील लेवा बोली किंवा चोपडा-शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातील पावरी यांचे कोष्टक तर कोणी समोर धरलेलेच नसते. (अहिराणीचा ‘स’ आणि इंग्रजी तृतीयपुरुषाचा ‘स’ यांचे ध्वनिसाम्य हा निव्वळ योगायोग, त्यावर सिद्धान्त उभारण्याचा मोह आवरलेला बरा.)

तरीही ‘ही गो टू कॉलेज’ असे लिहिणारा साक्रीचा विद्यार्थी अहिराणीमुळेच तसे लिहितो, हे यावरून सिद्ध होत नाही. हा ‘स’ गाळण्याची चूक जगभर होते. रॉजर ब्राउन यांच्या 1973 च्या अभ्यासात इंग्रजी ही जन्मभाषा असलेल्या मुलांनाही अनेकवचनाचा ‘स’ आधी आणि क्रियापदाचा ‘स’ बराच नंतर साधला. कारण ठरवावयाचे तर एकाच वर्गातील अहिराणीभाषी आणि प्रमाण मराठीभाषी विद्यार्थ्यांचे लेखन शेजारी ठेवून ताळा पाहावा लागेल, आणि हे काम येथल्याच विद्यापीठाचे आहे. 1990 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची सारी रचना लेवा बोलीतील आहे. परीक्षेच्या मापाने तिच्यातील ओळ न् ओळ अशुद्ध ठरेल. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे सोवळ्याओवळ्याचे शब्द व्याकरणात इतके रुळले आहेत, की त्यांचे मूळ घर कोणते याचा विसर पडतो. अहिराणीभाषी मुलाची भाषा मराठीच्या तासाला एकदा शुद्ध करून झालेली असते. इंग्रजीच्या तासाला तिचीच दुसरी शुद्धी होते.

सर्वांत घातक चूक मात्र वाक्यात दिसतच नाही. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने अर्जात लिहिले : ‘माय ब्रदर सेड दॅट आय वुड पे द फी ऑन मंडे.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. कोणत्याही वाक्यदुरुस्तीच्या परीक्षेत ते निर्दोषच ठरेल. परंतु त्याच्या मनातील वाक्य ‘भाऊ म्हणाला, की मी सोमवारी फी भरतो’ असे आहे. मराठीत ‘की’नंतरही मूळ वक्त्याचा ‘मी’ तसाच राहू शकतो, आणि फी भाऊ भरणार हे ऐकणाऱ्याला संदर्भाने कळते. इंग्रजी वाचणाऱ्या कारकुनाला ते कळणार नाही. तो विद्यार्थ्यालाच जबाबदार धरील. तांबड्या शाईला येथे खूण करण्याजोगे काहीच सापडत नाही. कॉर्डर यांनी 1971 मध्ये अशा झाकलेल्या चुकांकडे लक्ष वेधले, आणि तेथे लिहिणाऱ्यालाच त्याच्या भाषेत विचारल्याखेरीज खरा अर्थ हाती लागत नाही, असा निर्णय दिला. तो मान्य केला, तर ज्याला अहिराणी कळते असा धुळ्याचा साधा शिक्षक या कामी लंडनच्या तज्ज्ञाहून अधिक समर्थ ठरतो. हे सामर्थ्य कोणत्याही पदवीत मोजले जात नाही, आणि पुष्कळदा तो शिक्षक स्वतःच ते लपवितो.

या उलट ‘ही गो’ या वाक्याने कोणाचाही गैरसमज होत नाही. परंतु गुण तेथे हमखास जातात, कारण तेथली चूक डोळ्यांना चटकन दिसते. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये लेखनातील व्याकरणदुरुस्ती निरुपयोगी, किंबहुना हानिकारक आहे असे प्रतिपादन केले. डाना फेरिस यांनी 1999 मध्ये त्याला उत्तर दिले आणि वाद अद्याप मिटलेला नाही. ट्रस्कॉट यांचे मत संपूर्णपणे स्वीकारणे कठीण आहे. परीक्षा आणि नोकरीचे अर्ज जोवर आहेत तोवर खानदेशच्या विद्यार्थ्याला ‘चुका राहू देत’ असे सांगणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे होय. परंतु दुरुस्तीची एक किंमत असते, हे त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. तांबडी वही दोनतीनदा परत मिळाली की विद्यार्थी सुधारतो तो बहुधा एकाच प्रकारे : तो लहान वाक्ये लिहू लागतो. ‘दो’ वापरले नाही म्हणजे ‘बट’ची चूक होत नाही, कोणाचे म्हणणे सांगितलेच नाही म्हणजे सर्वनाम चुकत नाही. गुण वाढतात आणि सांगण्याजोगे काही उरत नाही.

एन्. एस्. प्रभू यांच्या 1979 ते 1984 या काळातील दक्षिणेकडील प्रयोगात शिक्षक मुलांच्या चुका सुधारीत. पण हातातले काम पुढे नेण्यापुरत्या, ओघात. चूक धरून तिच्यावर धडा रचण्याची पद्धत त्यांनी वर्ज्य केली होती. लेखी कामाच्या ढिगाऱ्यात ती रीत जशीच्या तशी चालणार नाही. तथापि अर्थ बिघडविणाऱ्या दोनच चुका निवडून त्यांच्याविषयी विद्यार्थ्याशी बोलणे आणि बाकीच्या त्या दिवसापुरत्या सोडून देणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयात शक्य आहे. वरील अर्जाच्या बाबतीत शिक्षकाने विचारावयाचा प्रश्न एकच : ‘पैसा कोन भरी, तू का तुना भाऊ?’