कोश झाले, वर्ग कुठे आहे?

मराठी विज्ञान-अनुवादाचा विषय निघाला की चर्चेची गाडी परिभाषेच्या फाटकाशी येऊन अडते. संज्ञा संस्कृत घडवाव्यात की इंग्रजीच ठेवाव्यात, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालून झाला. या कलेचे जगणे-मरणे मात्र वेगळ्याच गोष्टीवर ठरते : अनुवाद वाचून परीक्षेला बसणारा विद्यार्थी आहे की नाही. याचा सर्वांत ठोस पुरावा मराठी मुलखातच मिळतो, पण उर्दूत.

मौलवी अब्दुल हक (1870–1961) मूळचे मेरठकडच्या हापूडचे. निजामाच्या शिक्षणखात्यात ते औरंगाबादला शाळा तपासनीस होते. 1912 मध्ये ते अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठी झटणाऱ्या संस्थेचे चिटणीस झाले आणि अंजुमनचे बिऱ्हाडही औरंगाबादला आले. 1917 मध्ये उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाच्या तयारीसाठी हैदराबादेत दारुल तर्जुमा म्हणजे अनुवाद विभाग निघाला, तेव्हा त्याची सूत्रे त्यांच्याच हाती आली. पुढे हे पद सांभाळणारे मौलवी इनायतुल्ला हे मुन्शी जकाउल्लांचे चिरंजीव; वडिलांनी दिल्लीत गणिताची पुस्तके उर्दूत आणली होती. पण वडिलांच्या काळात जे एकेकट्याच्या उमेदीवर चालले, त्याला इथे पगार, वेळापत्रक आणि छापखाना मिळाला.

संज्ञा ठरवायला विषयाचा जाणकार आणि भाषेचा जाणकार एकत्र बसत. उर्दूचे पंडित वहीदुद्दीन सलीम यांनी 1921 च्या ‘वज़्-ए-इस्तिलाहात’ या ग्रंथात सगळा भार अरबी धातूंवर टाकण्याला विरोध केला. उर्दूच्या अंगच्या समासांना आणि प्रत्ययांना कामाला लावा, असे त्यांचे म्हणणे. वाद इथेही होताच. फरक इतकाच की पुस्तक छापून निघाले की थेट वर्गात जाई. भौतिकी, रसायन, गणित, एवढेच काय वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. 1928 मध्ये अंजुमनने औरंगाबादहून ‘साइन्स’ हे त्रैमासिक काढले. मराठीत ‘सृष्टिज्ञान’ सुरू झाले तेही त्याच वर्षी.

या उद्योगाला एक मोठे गालबोट आहे, ते झाकू नये. निजामाची बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. मराठवाड्यातल्या पोराला इंग्रजीऐवजी उर्दू आली, तरी आपली भाषा आली नाहीच. म्हणून 1948 मध्ये निजामाचे राज्य गेल्यावर माध्यम बदलले आणि शेकडो पुस्तके कपाटबंद झाली. संज्ञा तेव्हाही तितक्याच नेटक्या होत्या. वर्ग गेला, तशी पुस्तके मुकी झाली.

वर्गाविना नुसत्या नावांवरून भांडण्याचा इकडे नागपूरलाही चांगलाच अनुभव आहे. एप्रिल 1936 मध्ये इथे भारतीय साहित्य परिषद भरली, तेव्हा राष्ट्रभाषेला हिंदी म्हणावे की हिंदुस्तानी यावरून गांधीजी आणि अब्दुल हक यांच्यात खटका उडाला. मौलवींचे पुढचे आयुष्य बरेचसे त्याच लढाईत गेले. नंतर याच शहरात कोशकार डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून संज्ञांची टांकसाळ उघडली. ऑक्सिजनला ‘जारक’, नायट्रोजनला ‘भूयाति’! व्युत्पत्ती चोख, पण या नाण्यांना बाजार मिळाला नाही. सत्तरच्या दशकात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने नागपुरातूनच मराठीत पदवीस्तराची पुस्तके काढली. त्यांतली कित्येक आज जुन्या पुस्तकांच्या ढिगातच भेटतात.

नागपुरातल्याच धंतोलीत या अपयशाशेजारी एक यशही उभे आहे. इथल्या रामकृष्ण मठाने विवेकानंदांचे साहित्य मराठीत आणले आणि ते आजही खपते, कारण त्याला स्वाध्यायाला बसणारा वाचक आहे. मठापासून थोडे पुढे गेले की दवाखान्यांची आणि पॅथॉलॉजी लॅबची रांग. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन खेड्यावरून आलेला माणूस काउंटरवर विचारतो, “क्रिएटिनिन वाढलं म्हणजे काय जी?” काउंटरवरची मुलगी सांगते, “किडनी रक्तातली घाण नीट काढून नाही राहिली, काका.” विदर्भात विज्ञानाचा सर्वांत चालता अनुवाद तो हाच, त्याला ना संपादक, ना छापील पान.

शाळेत काय चित्र आहे? बालभारतीच्या पुस्तकात मूल त्वरण, संवेग, प्रकाशसंश्लेषण शिकते. सेमी-इंग्रजीत हे शब्द शाळेतच सुटतात, उरलेल्यांचे अकरावीला. विज्ञान शाखा व्यवहारात पूर्ण इंग्रजी, मग ‘त्वरण’ कोणासाठी जपायचे? नवे शैक्षणिक धोरण आल्यावर एआयसीटीईने अभियांत्रिकीची पुस्तके मराठीत आणायला सुरुवात केली आणि 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडला एका महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकीची तुकडीही निघाली. दिशा बरोबर आहे, पण पाया न घालता माळा चढवल्यासारखे झाले. अकरावी-बारावी इंग्रजीत काढलेला मुलगा पदवीला मराठीकडे का वळेल?

विश्वकोश आणि परिभाषाकोश आपल्याकडे आहेत, आता यांत्रिक अनुवादही आहे. म्हणून पुढचा पैसा नव्या कोशावर घालवू नये. जिल्ह्यागणिक एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकीची एक मराठी तुकडी काढावी. शिक्षक आणि अनुवादक यांनी एकत्र बसून तिची पुस्तके लिहावीत, आणि प्रवेशपरीक्षेपर्यंत तिला वाट मोकळी ठेवावी. संज्ञांची भांडणे ती पोरेच पाच वर्षांत मिटवतील. ज्या टिकायच्या त्या त्यांच्या वहीत टिकतील.