पावरकराचा तास

नंदुरबार जिल्ह्यात कुणी ‘पावरी’ म्हटले की आधी त्याचे गाव विचारावे. धडगावकडचा माणूस असेल तर पावरी म्हणजे पावरा समाजाची बोली. नवापूरकडचा, किंवा जिल्ह्याबाहेर साक्री-सटाण्याच्या डोंगरपट्ट्यातला असेल तर पावरी म्हणजे भोपळ्याचे वाद्य. बोलीचे दिवस त्या मानाने बरे गेले. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी नव्वदच्या दशकापासून पावरी आणि भिलोरीत मुलांना धडे दिले, शिक्षक गावातलेच घेतले. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातल्या ज्या 33 गावांची जमीन गिळली त्यांच्यातच या शाळा उभ्या राहिल्या, हे विसरू नये. वाद्याच्या वाट्याला असा मास्तर आला नाही.

वाद्य आधी नीट पाहू, कारण छायाचित्रात मोरपिसेच जास्त दिसतात. वरच्या अंगाला सुकवून कोरलेला भोपळा, त्यात शेजारी शेजारी खोचलेल्या बांबूच्या नळ्या, त्यांना बोटांसाठी भोके, खाली आवाज बाहेर फेकणारे बैलाचे शिंग आणि सगळे सांधे मेणाने बुजवलेले. भोपळ्याच्या पोटात, बाहेरून न दिसणारी, बांबूचीच चिरून काढलेली पातळ जीभ असते. फुंकर तिला थरथरवते. काटेकोर बोलायचे तर ही बासरी नव्हे. बासरीत हवा भोकाच्या काठावर आपटून नाद होतो, पावरीत जिभेमुळे. नात्याने ती क्लॅरिनेटच्या जवळची आणि पालघरच्या वारल्यांच्या तारप्याची सख्खी चुलत बहीण. सातपुड्यात बासरीच्या कुळातला तो पावा. होळीच्या रात्री ढोल, मांदल, बिरी, घुंगरू आणि होळीचे सोंग घेतलेल्या बुध्यांच्या कमरेचे सुके भोपळे यांच्या गदारोळातही पावा ऐकू येतो. पण त्याच्यासाठी कान लावावा लागतो.

पावरी वाजवणाऱ्याचे खरे कसब श्वासात आहे. तो गाल फुगवून हवा साठवतो, नाकाने नवा श्वास घेतो आणि त्या क्षणी गालातली हवा नळीत ढकलत राहतो, म्हणजे सूर तुटत नाही. हे कसब हौसेचे नाही, गरजेचे आहे. वर्तुळात हातात हात गुंफून माणसे नाचत असतात, त्यांचे पाय सुराच्या दोरीला बांधलेले असतात. दोरी तुटली की वर्तुळ फुटते. मार्गशीर्षात कोकणा आणि भिल्ल वस्त्यांमध्ये डोंगऱ्या देवाचा उत्सव चालतो. व्रत धरलेल्या माऊल्या रात्र रात्र नाचतात, भगत मंत्र म्हणतो, आणि या सगळ्यांना चालवतो तो पावरकर. मैफिलीतल्या साथीदारासारखा तो मागे बसत नाही. वर्तुळाने किती वेगाने फिरायचे, कधी वळायचे हे तोच ठरवतो. बड्या वाद्यवृंदाचा संचालक छडीने जे करतो ते हा माणूस श्वासाने करतो, शिवाय स्वतः नाचत.

इतक्या मोठ्या जबाबदारीच्या माणसाची कारकीर्द मात्र कुठेच लिहिलेली नसते, कारण तिला कारकीर्द म्हणावे अशी रचनाच नाही. पावरकर शेतकरी असतो, नाहीतर मजूर. आणि इथे एक गोष्ट घडली आहे, तिची नोंद संस्कृतीवर भाषणे करणारे सहसा घेत नाहीत. दिवाळी झाली की जिल्ह्यातली कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात. पावरीचा महिना नेमका त्यातच येतो. होळीला माणसे काहीही करून गावी परततात, म्हणून काठी गावच्या होळीला आजही पाय ठेवायला जागा नसते. मार्गशीर्षासाठी तसे परतता येत नाही. ज्या वयात पोराने पावरकराच्या मागे मागे फिरून बोटे बघायची, त्या वयात ते बारडोलीकडच्या फडात उसाच्या मोळ्या बांधत असते. पावरी मागे पडायला लोक मोबाइलला दोष देतात. माझ्या मते मोबाइलपेक्षा कोयत्याचा दोष मोठा.

नाचाचे वाद्य शाळेपर्यंत कसे पोचते ते बघायला आता जरा लांब जाऊ, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. 1940च्या दशकात त्या शहरात क्युबातून आलेले ताल आणि काळ्या अमेरिकनांचा जॅझ एकमेकांत मिसळले. माचितोचा वाद्यवृंद, डिझी गिलेस्पी आणि तालवादक चानो पोझो ही त्या मिसळणीतली मोठी नावे. पुढे तिला लॅटिन जॅझ म्हणू लागले. त्यात बासरी आली ती क्युबातल्या ‘चरंगा’ या नाचाच्या ताफ्यातून. बासरी, व्हायोलिने आणि ताल एवढ्यावर तिथे रात्रभर लोक नाचायचे. जॉनी पाचेकोने 1960च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये असाच ताफा गाजवला. म्हणजे लॅटिन जॅझची बासरीही मुळात नाचणाऱ्यांचीच, आपल्या पावरीसारखी. त्या परंपरेतला डेव्ह व्हॅलेंटीन 1952 साली ब्राँक्समध्ये, पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबात जन्मला. लहानपणी तो तालवाद्ये वाजवी, बासरी नंतर हातात आली. ती त्याने अशी वाजवली की फुंकरीतला खरखरीत दम आणि तोंडातला आवाज लपवायचे सोडून त्यांचाच ताल केला. जीआरपी या कंपनीने करारबद्ध केलेला तो पहिला कलावंत. 2003 सालच्या लॅटिन जॅझ अल्बमच्या ग्रॅमीतही त्याचा वाटा होता. 2017 मध्ये तो गेला. मला त्याच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते ती वेगळीच: प्रसिद्धी मिळण्याआधी तो ब्राँक्समधल्याच एका शाळेत शिकवत होता. नाचाच्या दिवाणखान्यातला माणूस वर्गात जाऊ शकला. त्याचे वाद्य, त्याचा ताल, त्याच्या वस्तीतली मुले आणि महिन्याचा पगार हे सगळे एका छपराखाली आले.

लॅटिन ताल आपल्याला परका नाही, हे जाता जाता सांगायला हवे. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी 1950च्या ‘समाधी’तल्या ‘गोरे गोरे’पासूनच तो घराघरात पोचवला, आणि त्यांच्या मागे चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक होते. नंदुरबारच्या ज्या आजोबांनी ते गाणे तरुणपणी गुणगुणले त्यांना पावरी ऐकायला मात्र कुणी बोलावले नाही. अंतर न्यूयॉर्कचे जास्त की नवापूरचे, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आपल्याकडच्या बासरीचेच बघा. शंभर वर्षांपूर्वी ती गुराख्याची होती, फार तर कीर्तनातली किंवा नाटकातली. रागसंगीताच्या बैठकीत तिला कोणी घेत नसे. बारिसालच्या पन्नालाल घोषांनी ती लांब केली, खर्जात उतरवली, तीव्र मध्यमासाठी सातवे भोक पाडले आणि 1960 साली ते वारले तेव्हा बासरी ख्यालाच्या पंक्तीला बसलेली होती. त्यांचे जावई देवेंद्र मुर्डेश्वर आणि पुण्याचे केशव गिंडे यांनी ती वाट पुढे नेली. हरिप्रसाद चौरसियांनी मुंबईत गुरुकुल काढले, रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात शिकवले. त्यांचा पुतण्या राकेश 2024 साली बेला फ्लेक, एडगर मेयर आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर ग्रॅमी घेऊन आला. पन्नालालांचा पराक्रम मोठाच, पण तो टिकला तो शिकवण्याच्या यंत्रणेमुळे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची परीक्षांची शिडी बासरीला आहे. नंदुरबार शहरातल्या मुलाने मनावर घेतले तर तो बासरीत विशारद होऊ शकतो. पावरीत तो काहीही होऊ शकत नाही.

कुणी म्हणेल, मग पावरीचीही परीक्षा काढा. माझा त्याला विरोध आहे. पावरीचे स्वर पेटीच्या पट्टीत बसत नाहीत आणि बसवायचे कारण नाही. प्रत्येक भोपळा वेगळा, प्रत्येक नळी वेगळी. बासरीला लांब पेरांचा पातळ बांबू आसामातून मागवता येतो. सातपुड्याचा मानवेल जाड, पुष्कळदा भरीव. वाद्यासाठी योग्य पोकळ नळी हुडकणे, भोपळा वेलीवरच किती जून होऊ द्यायचा हे ओळखणे हा पावरकराच्या विद्येचा निम्मा भाग आहे. लेखी पेपरात तो येणार नाही. वनहक्क कायद्याने 2006 नंतर बांबूवर गावाचा हक्क मान्य झाला, तेव्हा हा निम्मा भाग शिकवायला कायद्याची आडकाठीही उरलेली नाही.

दुसरीकडे एक हळहळ चालते, तीही मला पटत नाही. लग्नात आणि 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत बँड वाजतो, गाडीवर भोंगे चढतात, टिमलीच्या तालावर पोरे बेभान होतात, आणि जाणते लोक मान हलवत म्हणतात की संस्कृती बुडाली. जरा थांबून ऐकावे. पावरीची, होळीच्या फेराची वळणे त्या कीबोर्डवर सापडतात. गावातल्याच पोराने ती कानाने उचललेली असतात, त्यांना पॅडचा ठेका जोडलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये क्युबाच्या नाचाचे जे झाले त्याचीच ही खानदेशी आवृत्ती. तक्रार करायचीच तर माझी तक्रार बारीक आहे: कीबोर्डवर दोन पट्ट्यांच्या मधला सूर नाही आणि श्वासही नाही. वादकाला दम लागत नाही म्हणून नाचणाऱ्यालाही थांबा मिळत नाही. वर्तुळाची रांग होते, रांगेची गर्दी होते. त्या पोराला एकदा पावरकराशेजारी बसवले असते तर त्याने त्या यंत्रातूनही वेगळे काही काढले असते.

मग पावरकराला बसवतात कुठे? मंचावर. पाहुण्यांचे स्वागत, मोरपिसे, सात मिनिटांचे नृत्य, शाल, नारळ आणि परतीची गाडी. शहाद्याच्या वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे. मंच कुणाचा आणि दुःख कुणाचे, हा तिचा विषय. ती वाचलेल्या माणसाला हे कार्यक्रम बघताना अवघडल्यासारखे होते. मोठ्या सन्मानांचीही गत उशिराचीच. जव्हारजवळच्या वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा स्वतः तारपा बनवतात, वाजवतात आणि पोरांना शिकवतात. त्यांना पद्मश्री जाहीर झाली 2026 साली, वयाच्या नव्वदीत. आनंदच आहे. पण व्हॅलेंटीन ब्राँक्सच्या शाळेत शिकवत होता तो विशी-पंचविशीत. शिकवायची उमेद आणि फुंकायचा दम एकत्र असतात ते वय तेच, आणि आपल्याकडे त्या वयाचा पावरकर फडात असतो.

नंदुरबार हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. 2011च्या जनगणनेप्रमाणे सोळा लाखांवर लोकसंख्या, तिच्यात शंभरात एकोणसत्तर आदिवासी. आश्रमशाळा भरपूर आहेत, आणि मार्गशीर्षात त्या चालू असतात. म्हणून नवापूर, साक्रीकडच्या मुख्याध्यापकांना एवढेच सांगणे आहे. येत्या मार्गशीर्षात आपल्या गावच्या एका तरुण पावरकराला महिनाभर शाळेत ठेवून घ्या. शाल देऊ नका. ऊसतोडीत त्याला जेवढी मजुरी मिळाली असती तेवढी रोख द्या, हजेरीपटावर त्याचे नाव शिक्षक म्हणून लिहा, आणि त्याचा तास दुपारी वर्गात ठेवू नका, रात्री अंगणात ठेवा. भोपळ्याच्या बिया मात्र जूनमध्येच लावाव्या लागतील.