नबोच्या अलीकडे: कवयित्री राहेल आणि किबुत्झ

गेल्या वेळी आपण ए. डी. गॉर्डनचं श्रमाचं तत्त्वज्ञान पाहिलं. मातीत राबल्याशिवाय माणूस पुरा होत नाही, हा त्याचा गाभा. वयाच्या 48व्या वर्षी हा गृहस्थ रशियन साम्राज्यातून पॅलेस्टाइनला येतो, कुदळ हातात घेतो, आणि 1922 साली देगानिया किबुत्झातच देह ठेवतो. आज आपल्यापुढे जी कवयित्री आहे, तिने आपली पहिली हिब्रू कविता ह्याच गॉर्डनला अर्पण केली. आणि त्याच्या विचाराला सर्वांत अवघड प्रश्नही, आम्हाला वाटतं, तिच्याच आयुष्याने विचारला.

राहेल ब्लुवश्टाइन. जन्म 1890, रशियात. 1909 मध्ये बहिणीबरोबर इटलीला शिकायला निघाली होती. वाटेत पॅलेस्टाइनला उतरली ती तिथेच राहिली. गालील समुद्राच्या काठी, किन्नेरेतला, मुलींच्या शेतीशाळेत राबली. मग शेतीशास्त्रासाठी फ्रान्स. महायुद्धात रशिया, निर्वासित मुलांमध्ये काम, आणि तिथे क्षय. 1919 मध्ये ती परतली, देगानियात दाखल झाली. रोगाचं निदान झालं तेव्हा मुलांना लागण होईल म्हणून तिला निघून जायला सांगितलं गेलं.

इथे घाईने निवाडा नको. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 मध्ये. त्या काळी क्षयावर औषधच नव्हतं. भीती खरी होती. पण भीती खरी असली म्हणून विचार पुरा ठरतो का? राबतो तो आपला, असं एकदा ठरलं की राबू न शकणारा कोण? गॉर्डनच्या मांडणीत ह्याला जागा सापडत नाही.

तिच्या कविता सोप्या, छोट्या, चालीवर गायल्या जाणाऱ्या. म्हणून त्यांना हळवं विरहगीत समजून वाचतात. ह्या वाचनाला आमचा आक्षेप आहे. नुसती संग्रहांची नावं बघा ना. 1927चा ‘साफियाह’: पेरणी न करता, सांडलेल्या दाण्यांतून उगवलेलं पीक. 1930चा ‘मिनेगेद’: समोरून, दुरून. आणि मृत्यूनंतरचा ‘नेबो’: मोशेने जिथून वचनदत्त भूमी पाहिली आणि जिथे तो मेला, तो नबो डोंगर. पेरणाऱ्यांच्या समाजात स्वतःला न पेरलेलं पीक म्हणवून घेणं, हे हळवेपण नव्हे. तो हिशेब मागणं आहे.

मात्र नबोचा दृष्टान्त नीट बसत नाही. मोशे आत गेलाच नव्हता. राहेल आत राहून बाहेर पडली. मोशेला देवाने अडवलं, तिला माणसांनी. नबोला माणसामात्राचं दैव करताना ती इथे थोडी हात राखून लिहिते, असं आम्हाला वाटतं. (आणि ती भूमी रिकामी नव्हती, हेही जाता जाता सांगायला हवं. 1910 मध्ये देगानियाची सुरुवात झाली ती उम्म जुनी ह्या अरब वस्तीच्या जागी. बाहेर कोण राहिलं, हा प्रश्न तिच्यापाशी संपत नाही.)

शेवटची वर्षं तिने तेल अवीवमध्ये काढली. 16 एप्रिल 1931 ला गेली, 40 वर्षांची. 2017 पासून 20 शेकेलच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. तिला पुरलं मात्र किन्नेरेतला, तळ्याकाठी, जुन्या श्रमिक सोबत्यांमध्ये. देगानिया तिथून जवळच आहे.