कट म्हणायचा कुणी? : कॅटिलिना आणि रंगो बापूजी

कॅटिलिनाला आपण ओळखतो ते सिसेरो आणि सॅलस्ट यांच्या तोंडून. इ.स.पू. ६३ मध्ये आरोप करणारा सिसेरोच, आणि कॉन्सुल म्हणून पाच साथीदारांना खटल्याविना देहान्त देणाराही तोच! सॅलस्टही कॅटिलिनाला दुष्टच ठरवतो. पण त्याचं एक पत्रही देतो. त्यात बोलतो तो मानभंग झालेला माणूस. आमच्या मते, ग्रंथाचा खरेपणा या विसंगतीतच आहे.

आता साताऱ्याकडे वळू. १८३९ मध्ये कटाचा ठपका ठेवून इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं. रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, सुमारे चौदा वर्षं अर्जविनंत्या करत राहिले. न्याय मिळाला नाही. १८५७ मध्ये तेच ‘कटवाले’ ठरले. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. ते स्वतः निसटले, पुन्हा सापडले नाहीत.

दोघं सारखे नव्हेत. कॅटिलिना सत्तेच्या घरातला, निवडणूक हरलेला, कर्जात बुडालेला. रंगो बापूजी धन्याचा वकील. पण ‘कट’ हा शब्द दोन्हीकडे दप्तर ज्याच्या हाती त्याचाच. म्हणून चरित्र वाचताना आपण आधी विचारावं: कटाआधी अर्ज किती झाले, आणि ते वाचले कुणी?