कोल्हापूरची जातवार वसतिगृहे : एक पुनर्विचार

कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हणण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे की, या संस्थांचे मूल्यमापन करण्याऐवजी त्यांची नामावली देऊनच बहुतेक लेखक थांबतात. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, ही यादी आपणां सर्वांस पाठ असते. परंतु वंचितांच्या शिक्षणाचे हे कार्य त्या त्या जातीच्या संस्थेकडे का सोपविले गेले, आणि त्याची किंमत कोणी दिली, याचा विचार क्वचितच होतो.

या रचनेवर संकुचितपणाचा आक्षेप घेणाऱ्यांनी आधीचा अनुभव ध्यानात घ्यावयास हवा. शाहू महाराजांनी १८९६ च्या सुमारास सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते. काही वर्षांतच तेथे जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. प्रवेश सर्वांना खुला होता, पण सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात पाण्याचा व पंक्तीचा प्रश्न नियमाने सुटणारा नव्हता. पुढे १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. त्या भरण्यासाठी खेड्यांतील मुलांनी शहरात येऊन शिकावयाचे, तर राहावयाचे कोठे? संस्थानाने साहाय्य द्यावे, वर्गणी व कारभार समाजाने पाहावा, ही योजना अशा निकडीतून आकारास आली. तिच्यामुळे सार्वजनिक संस्था चालविण्याचा अनुभव नसलेल्या समाजांत हिशेब ठेवणारी, निधी जमविणारी माणसे तयार झाली. हे तिचे फलित मला विद्यार्थिसंख्येहून मोठे वाटते.

मात्र ज्या समाजाजवळ वर्गणी देणारा धनिक वर्गच नव्हता, त्याला ही योजना सारखीच लाभणे शक्य नव्हते. मिस क्लार्क बोर्डिंगला राजाश्रयाचीच अधिक गरज होती.

दुसरी मर्यादा भाऊराव पाटील यांच्या विद्यार्थिदशेत दिसते. कुंभोजचे भाऊराव जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. ज्या संस्थेने त्यांना निवारा दिला, तिनेच शिवाशिवीचा नियमही चालविला. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी काढलेल्या वसतिगृहास शाहूंचेच नाव दिले. पण तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व श्रम करीत. गुरूच्या नावाने गुरूच्या योजनेत केलेली ही दुरुस्तीच होय! तिला एका जातीच्या वर्गणीचा आधार नव्हता. लक्ष्मीबाईंना अंगावरचे दागिने मोडावे लागले, ते याच व्यवस्थेत.

दसरा चौकाच्या परिसरात जुन्या बोर्डिंगांपैकी काहींच्या वास्तू अद्याप उभ्या आहेत. तेथील प्रवेशपुस्तके व जमाखर्चाच्या वह्या जेथे उपलब्ध असतील तेथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पाहाव्यात. एकाच जातीतील गरिबांना किती जागा मिळाल्या व सधनांना किती, हे त्यांतूनच कळू शकेल.